लिमा नगरीतील खाणावळी : एका सामाजिक स्वीकाराचा इतिहास

नगरांचा इतिहास लिहिताना राजवाडे, देवालये, न्यायालये आणि बाजारपेठा यांची नोंद होते. खाणावळींची सहसा होत नाही. खाणावळ ही क्षुल्लक बाब मानली जाते, आणि परवाने, दंड व तक्रारी यांपलीकडे तिची कागदपत्रेही फारशी मागे राहत नाहीत. तथापि नगरात कोण कोणाच्या हातचे खातो, कोणाच्या शेजारी बसून खातो आणि खाल्ल्याची कबुली चारचौघांत देतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे तेथील समाजरचनेवर जितका प्रकाश टाकतात तितका पुष्कळदा राज्यघटनाही टाकीत नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची राजधानी लिमा ही या दृष्टीने अभ्यासण्याजोगी नगरी होय. जगातील उत्कृष्ट पन्नास भोजनगृहांची जी यादी दरवर्षी प्रसिद्ध होते तिच्यात २०२३ साली लिमातील ‘सेंत्राल’ या भोजनगृहास पहिले स्थान मिळाले; दक्षिण अमेरिकेस तो मान प्रथमच लाभला. २०२५ साली त्याच नगरीतील ‘माइदो’ हे पहिले आले. या यशाचा वृत्तान्त सामान्यतः असा सांगितला जातो की, १९९० नंतर काही सुविद्य तरुण परदेशी पाकशास्त्र शिकून मायदेशी परतले आणि त्यांनी पेरूच्या अन्नाला प्रतिष्ठा मिळवून दिली. हा वृत्तान्त खोटा नाही. अपुरा मात्र आहे. ज्या पदार्थांना ही प्रतिष्ठा मिळाली त्यांतील बहुतेक पदार्थ त्यापूर्वीची सुमारे दीडशे वर्षे अशा जागी घडत होते की जेथे प्रतिष्ठित माणूस पाऊल ठेवीत नसे.

१५३५ साली फ्रान्सिस्को पिसारो याने लिमाची स्थापना केली. त्यानंतरच्या जवळजवळ तीन शतकांच्या स्पॅनिश अमदानीत उत्तम भोजन म्हणजे घरचे भोजन असाच संकेत होता. श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. मिष्टान्ने मठवासिनी जोगिणींकडून येत. घराबाहेर खाणे हे ज्याला घर नाही, अथवा घरी चूल नाही, त्याचे लक्षण होते. अशांसाठी रस्त्यावर फेरीवाले असत. पांचो फिएर्रो या एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराच्या जलरंगचित्रांत हे विक्रेते आजही पाहावयास मिळतात. त्यांत कृष्णवर्णी स्त्रियांचा भरणा मोठा आहे. गाईचे काळीज मिरचीच्या वाटणात मुरवून काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले ‘अंतिकुचो’ हे याच वर्गाच्या हातचे अन्न. याखेरीज ‘पिकांतेरिया’ नावाच्या साध्या खाणावळी होत्या. तेथे मक्याची ‘चिचा’ नावाची आंबवलेली दारू आणि तिखट कालवणे मिळत. मान्युएल आतानासिओ फुएंतेस याने १८६७ साली पॅरिसमध्ये छापविलेल्या लिमावरील ग्रंथात नगरीच्या इतर चालीरीतींबरोबर या खाद्यजीवनाचीही दखल घेतलेली आहे. परंतु ज्या वर्गासाठी त्याने तो ग्रंथ लिहिला त्या वर्गाची स्वतःची दृष्टी फ्रान्सकडे लागली होती. १८४० नंतर गुआनो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत, युरोपला विकून पेरूच्या तिजोरीत जो पैसा आला, त्या पैशाबरोबर फ्रेंच आचारी, फ्रेंच मद्ये आणि फ्रेंच भाषेत छापलेली पदार्थांची पत्रकेही आली.

त्याच गुआनोच्या काळात, आणि अंशतः त्याच गुआनोच्या कामासाठी, ज्या लोकांनी पुढे लिमाचे जेवण आमूलाग्र बदलले ते लोक येथे आणले गेले. १८४९ च्या नोव्हेंबरात पेरूच्या विधिमंडळाने चिनी मजुरांच्या आयातीस प्रोत्साहन देणारा कायदा केला. १८५४ साली गुलामगिरी रद्द झाल्यावर ही आयात अधिकच वाढली. १८७४ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत सुमारे ९० हजार ते १ लाख चिनी पुरुष या देशात उतरविण्यात आले. बहुतेक ग्वांगदुंग प्रांतातले होते आणि त्यांतील मोठा भाग मकाव बंदरातून जहाजावर चढविला गेला. (हे पोर्तुगीज मकाव १८४४ पर्यंत कारभारदृष्ट्या गोव्याच्या गव्हर्नरच्या अखत्यारीत होते.) करार आठ वर्षांचा असे, आणि त्यात वेतनाबरोबर रोजचा तांदळाचा शिधाही नमूद केलेला असे. वॉट स्टूअर्ट यांच्या १९५१ च्या ग्रंथाने या व्यवहाराचे दास्यस्वरूप पुरेसे स्पष्ट केलेले आहे; त्याची पुनरुक्ती येथे नको. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट इतकीच की, ज्या माणसापाशी स्वतःचे म्हणण्यासारखे काही उरू दिले नव्हते, त्याने अन्नाच्या बाबतीत मात्र आपला हट्ट करारपत्रात नोंदवून घेतला.

करार संपल्यावर जे जगले त्यांतील अनेक जण लिमाला आले. काही घरगुती आचारी झाले. काहींनी मध्यवर्ती मंडईच्या आसपास, विशेषतः कापोन गल्लीच्या परिसरात, ‘फोंदा’ म्हणजे लहान खाणावळी थाटल्या. या खाणावळींचे अर्थकारण साधे होते. जळण महाग, मांस महाग, गिऱ्हाईक घाईत. चिनी पद्धतीची खोल कढई आणि प्रखर जाळ यांमुळे बारीक चिरलेले मांस काही क्षणांत शिजे. थोडे मांस पुष्कळ कांदा-टोमॅटोत आणि भातात पुरवता येई. हमाल, गाडीवान, फेरीवाले यांना इतक्या स्वस्तात गरम जेवण दुसरीकडे मिळत नसे. गोमांसाच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो, मिरची आणि सोयाबीनचा काळा रस मोठ्या जाळावर परतून, तळलेले बटाटे आणि भात एकाच ताटलीत वाढण्याची जी रीत ‘लोमो साल्तादो’ या नावाने पेरूच्या घराघरांत रूढ आहे, तिचा जन्म याच चुलीवरचा. बटाटा अँडीज पर्वताचा, गाय स्पेनची, कढई कँटनची. विशेष हे की, या पदार्थाला लिमाने ‘क्रिओयो’, म्हणजे अस्सल गावचा, असे म्हणायला आरंभ केला तेव्हा त्याचे चिनीपण विसरले गेले होते. लिमाने परक्याचे अन्न स्वीकारले ते बहुधा असे, परक्याचे नाव पुसून.

कारण अन्न स्वीकारले म्हणून माणूस स्वीकारला गेला, असे घडले नाही. चिलीबरोबरच्या युद्धात पेरूचा पराभव होऊन १८८१ च्या जानेवारीत लिमा शत्रूच्या हाती जाण्याच्या सुमारास जमावाने चिन्यांची दुकाने लुटली आणि जाळली. १९०९ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल उसळली. त्याच महिन्यात महापौर गियेर्मो बिलिंगहर्स्ट याच्या आज्ञेने चिनी वस्तीतील ‘ओताइसा’ नावाची दाट चाळ आरोग्याच्या कारणासाठी जमीनदोस्त करण्यात आली आणि येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसाने ५०० पौंड बाळगले पाहिजेत असा सरकारी हुकूम निघाला. आरोग्याचे कारण सर्वस्वी बनावट होते असे नाही. चाळ खरोखरच गलिच्छ होती. परंतु त्या काळच्या लिमात गलिच्छ वस्त्या पुष्कळ होत्या आणि पहार प्रथम कोठे पडली हे इतिहासाने पाहावयाचे असते.

याच्या दुसऱ्या टोकास, पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, हिरोन दे ला उनिओन या राजरस्त्यावर १९१३ साली ‘पॅले कॉन्सर्ट’ हे आरसेजडित कॅफे उघडले. नावही फ्रेंच, थाटही फ्रेंच. आब्राहाम व्हाल्देलोमार प्रभृती साहित्यिकांची तेथे बैठक असे. पेरू म्हणजे लिमा, लिमा म्हणजे तो रस्ता आणि तो रस्ता म्हणजे ते कॅफे, अशा अर्थाची त्याची दर्पोक्ती अजून सांगितली जाते. थट्टेने का होईना, पण राष्ट्राची व्याप्ती एका उपाहारगृहापुरती मर्यादित करणारे ते वाक्य त्या काळच्या अभिजनांच्या मनोवृत्तीचे अचूक निदर्शक आहे. त्यात कापोन गल्लीला जागा नव्हती.

ती मिळाली १९२० नंतर. तोवर चिनी व्यापाऱ्यांचा एक सधन वर्ग तयार झाला होता. त्याने ऐसपैस, स्वच्छ आणि सुशोभित भोजनगृहे काढली. तेथे कँटनी पद्धतीचे खास भोजन मिळू लागले, आणि कुतूहलापोटी लिमाची प्रतिष्ठित कुटुंबे कापोन गल्लीत येऊ लागली. या भोजनगृहांना ‘चिफा’ हे नाव पडले. ‘जेवण करणे’, शब्दशः ‘भात खाणे’, या अर्थाच्या चिनी शब्दाचा तो अपभ्रंश होय. लिमाच्या बोलीत आल्याला स्पॅनिश शब्द मागे सारून ‘किओन’ म्हणतात, सोयाच्या रसाला ‘सियाओ’ आणि परतलेल्या भाताला ‘चौफा’. हे तिन्ही शब्द कँटनी आहेत. १८४९ चा कायदा आणि चिफांची प्रतिष्ठा यांत सुमारे सत्तर वर्षांचे, म्हणजे तीन पिढ्यांचे अंतर आहे.

इटालियनांच्या बाबतीत हे अंतर फारसे आढळत नाही. लिगुरिया प्रांतातून आलेल्या या लोकांनी कोपऱ्याकोपऱ्यावर किराण्याची व मद्याची दुकाने मांडली आणि त्यांच्या पाल्याच्या वाटणातील शेवया लिमाच्या घरी ‘तायारिनेस व्हेर्देस’ म्हणून सहज सामावल्या. १९०५ साली राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यानजीक, रेल्वे स्थानकासमोर, कोर्दानो बंधूंनी उघडलेले मद्यगृह राजकारणी आणि पत्रकार यांचा अड्डाच बनले. गोरा वर्ण आणि रोमन कॅथलिक धर्म या दोन गोष्टींनी चिन्यांना जे तीन पिढ्यांत मिळाले ते इटालियनांना एकाच पिढीत मिळवून दिले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

जपानी १८९९ साली आले. ‘साकुरा मारू’ हे जहाज ७९० मजूर घेऊन त्या वर्षीच्या एप्रिलात कायाओ बंदरास लागले. उसाच्या मळ्यांतील हालांना कंटाळून यांतले व यांच्या मागून आलेले पुष्कळ जण लिमात येऊन केशकर्तनालये, दुकाने आणि खाणावळी चालवू लागले. त्यांच्या खाणावळींत जपानी पदार्थ मिळत नसत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तेथे गिऱ्हाइकाला हवे तेच, म्हणजे लिमाचेच जेवण मिळे. तरीही १९४० च्या मे महिन्यात जपान्यांची दुकाने लुटली गेली, आणि महायुद्धाच्या काळात सुमारे १८०० जपानी वंशाच्या रहिवाशांना पकडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील छावण्यांत धाडण्यात आले; त्यांतील थोडेच पेरूला परतू शकले. ज्यांची दुकाने बुडाली त्यांच्यापैकी काहींनी युद्धोत्तर काळात पुन्हा चूल मांडली. ‘ला बुएना मुएर्ते’ यासारख्या त्यांच्या साध्या भोजनगृहांत मासळीचा जो संस्कार झाला त्याने ‘सेबिचे’ या पदार्थाचे रूपच पालटले. पूर्वी कच्ची मासळी आंबट संत्र्याच्या वा लिंबाच्या रसात तासन् तास मुरवीत. ताज्या मासळीची पारख असलेल्या जपान्यांच्या हाती हा काळ काही मिनिटांवर आला. ऑक्टोपससारखे जे जलचर सधन लिमावासी पूर्वी टाकून देण्याच्या योग्यतेचे समजत ते पानात येऊ लागले. या बदलास एका सरकारी निर्णयाचाही हातभार लागला. जनरल व्हेलास्को याच्या लष्करी राजवटीने १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत परदेशी चलन वाचविण्यासाठी महिन्यातील पंधरा दिवस गोमांसाची विक्री बंद ठेवली आणि मासळी खाण्याचा प्रचार केला. बीफस्टेकवर वाढलेल्या मध्यमवर्गाला मासळीकडे वळणे भाग पडले.

तथापि विसाव्या शतकात लिमावर सर्वांत मोठा लोंढा समुद्रापलीकडून आला नाही. तो पर्वतावरून आला. १९४० च्या जनगणनेत नगरीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. १९६१ मध्ये ती अठरा लाखांच्या घरात गेली आणि १९९३ मध्ये त्रेसष्ट लाखांच्या. अँडीजच्या खेड्यांतून आलेल्या या केचुआभाषक लोकांनी नगरीभोवतीच्या ओसाड वाळूच्या टेकड्यांवर चटयांच्या झोपड्या उभ्या केल्या. त्यांचे अन्न, किनोआचे धान्य, वाळवलेला बटाटा, ‘कुय’ हा घरी पाळलेला उंदीरवर्गीय प्राणी, हे लिमावासीयांच्या लेखी रानटी अन्न होते. चिन्याचे आणि जपान्याचे अन्न पचविलेल्या या नगरीला स्वतःच्याच देशातील बहुजनांचे अन्न सर्वांत परके वाटावे, यापरते विपर्यस्त काय असेल?

या नव्या वस्त्यांतील सामुदायिक भोजनाची कथा पाकशास्त्रावरील ग्रंथांत क्वचित येते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील स्त्रियांनी ‘कोमेदोर पोपुलार’ म्हणजे सार्वजनिक भोजनालये सुरू केली. वीस-तीस कुटुंबांतील बायका एकत्र येत, मंडईतून घाऊक शिधा आणीत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि ताटाचा अल्प दर ठरवून तो आजारी वा निराधारांना माफ करीत. १९९० साली चलनवाढीचा वार्षिक दर सात हजार टक्क्यांच्या वर गेला. त्या वर्षीच्या ऑगस्टात सरकारने नियंत्रणे एकाएकी उठविली आणि किमती एका रात्रीत कित्येक पटींनी चढल्या, तेव्हा लिमातील लक्षावधी माणसे या भोजनालयांवर जगली. पुढच्याच वर्षी पटकीची साथ आली. तीन लाखांहून अधिक माणसांना तिची बाधा झाली, सुमारे २९०० दगावली, आणि सेबिचेची विक्री कोसळली. मच्छीमारांचा धंदा सावरण्यासाठी मत्स्योद्योगमंत्र्याला दूरचित्रवाणीवर सेबिचे खाऊन दाखवावे लागले.

ही भोजनालये केवळ अन्नदानाची केंद्रे नव्हती. स्त्रियांच्या हाती आलेली ती पहिली सत्ता होती. म्हणूनच ‘प्रकाशमान मार्ग’ या सशस्त्र माओवादी संघटनेला ती खुपली. भुकेल्याला जेवू घालणे म्हणजे क्रांती लांबविणे, असा तिचा सिद्धान्त होता. व्हिया एल साल्वादोर या वस्तीतील स्त्रीसंघाची धुरीण मारिया एलेना मोयानो हिने या संघटनेला उघड विरोध केला. १५ फेब्रुवारी १९९२ रोजी निधी जमविण्यासाठी ठेवलेल्या एका वस्तीतील भोजनसमारंभात तिला गोळ्या घालण्यात आल्या आणि तिचा देह सुरुंगाने उडविण्यात आला. ती तेहतीस वर्षांची होती. लिमातील भोजनाच्या इतिहासात तिचे नाव पाककर्त्यांच्या नावांआधी घेतले गेले पाहिजे. ते सहसा घेतले जात नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत मिराफ्लोरेस या सधन उपनगरातील ताराता रस्त्यावर बाँबस्फोट होऊन २५ माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबरात संघटनेचा प्रमुख पकडला गेला, आणि रात्री घराबाहेर पडण्याचे भय हळूहळू ओसरले. पुढची कथा या निर्भयतेशिवाय घडलीच नसती. १९९४ साली त्याच मिराफ्लोरेसमध्ये गास्तोन आकुरिओ आणि त्याची जर्मन पत्नी आस्त्रिद गुट्शे यांनी आपले भोजनगृह उघडले. आकुरिओ हा एका राजकारणी गृहस्थाचा मुलगा; कायदा शिकण्यासाठी म्हणून स्पेनला गेला आणि पाकशास्त्र शिकून परतला. प्रारंभी त्याच्या भोजनगृहात फ्रेंच पद्धतीचेच जेवण मिळे. म्हणजे गुआनोच्या काळापासूनची दीडशे वर्षांची सवय तेथेही कायम होती. काही वर्षांनी त्याने ती सोडली आणि चिफा, अंतिकुचो, सेबिचे यांना पांढऱ्या चादरीच्या मेजावर आणले. २००५ मध्ये त्याने सेबिचेचे स्वतंत्र भोजनगृह काढले. २००८ पासून ‘मिस्तुरा’ नावाचा खाद्यमहोत्सव भरू लागला, तो २०१७ पर्यंत चालला. तेथे नामांकित भोजनगृहांच्या शेजारी मंडईतील खाणावळवाल्यांच्या गाड्याही लागत. विर्हिलिओ मार्तिनेस याच्या ‘सेंत्राल’ने समुद्रतळापासून अँडीजच्या शिखरांपर्यंतच्या उंचीनुसार पदार्थांची मांडणी केली. पूर्वी तुच्छ मानलेले रानकंद आता अभिमानाने वाढले जाऊ लागले.

आकुरिओचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. प्रतिष्ठा देणे हेही एक कार्य असते, आणि ते करण्याचे सामर्थ्य त्या वर्गाच्या माणसापाशीच होते. पण या काळात जो ‘संमीलन’ हा शब्द रूढ झाला तो फसवा आहे. निरनिराळ्या लोकांनी एकत्र बसून, गुण्यागोविंदाने आपापल्या पाककृती एका पातेल्यात ओतल्या, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात करारबद्ध मजूर, लुटलेले दुकानदार आणि घरकामाच्या बायका यांच्या चुलींवर ते घडले. तेरेसा इस्किएर्दो हिचे उदाहरण बोलके आहे. १९३४ साली जन्मलेली ही कृष्णवर्णी स्त्री; तिची आई श्रीमंताघरी स्वयंपाकीण होती. तिने स्वतः १९७८ मध्ये लिन्से या भागात साधे भोजनगृह काढले. त्याचे नाव ‘तुम्हांला ठाऊक नसलेला कोपरा’ अशा अर्थाचे होते. तीन दशके ती क्रिओयो पद्धतीचे जेवण रांधीत राहिली. आकुरिओच्या पिढीने तिला गुरुस्थानी मानले, आणि २०११ साली ती निवर्तली तेव्हा देशभर शोक झाला. तथापि मानाची चर्चा सुरू झाली तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे गेले होते.

१५ मार्च २०२० रोजी महामारीमुळे आणीबाणी जाहीर झाली आणि लिमातील सारी भोजनगृहे एकाच वेळी बंद पडली. कित्येक पुन्हा उघडली नाहीत. त्याच आठवड्यांत टेकड्यांवरील वस्त्यांत रोजगार गमावलेल्या कुटुंबांनी ‘ओया कोमुन’ म्हणजे सामाईक हंडे चढविले. शिध्यासाठी मंडईतील उरलीसुरली भाजी आणि जळणासाठी टाकाऊ लाकूड. हे चालविणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच होत्या, आणि त्यांतील वयस्क स्त्रियांना १९९० चा ऑगस्ट आठवत होता. २०२२ साली पेरूच्या विधिमंडळाने कायदा करून या हंड्यांना मान्यता दिली. २०२३ च्या जूनमध्ये ‘सेंत्राल’ जगात पहिले आले आणि डिसेंबरात सेबिचेची परंपरा युनेस्कोच्या वारसायादीत दाखल झाली. सामाईक हंडे त्या वर्षीही टेकड्यांवर चढत होते.